संगणक आला, पण हमाली गेली नाही

मार्च तोंडावर आला की विकास सोसायट्या, पतसंस्था, पाणीवापर संस्था अशा सगळ्या ठिकाणी एकच धांदल उडते. थकबाकीच्या नोटिसा काढायच्या असतात. थकबाकीदारांची यादी एक्सेलमध्ये असते, नोटिशीचा मजकूर वर्डमध्ये असतो. मग कारकून काय करतो? एक्सेलमधून सभासदाचे नाव उचलतो, वर्डमध्ये चिकटवतो. परत मागे जातो, खाते क्रमांक उचलतो, पुढे आणून टाकतो. मग मुद्दल, मग व्याज, मग तारीख. एक नोटीस झाली की छापतो आणि पुढचे नाव धरतो. पूर्वी हेच काम टाक-दौतीने व्हायचे, नंतर टाइपरायटर आणि कार्बन पेपर आले, आता संगणक आला. हत्यार बदलले, हमाली तीच राहिली.

जरा बोटावर हिशेब करून बघू. सोसायटीत चारशे थकबाकीदार धरा. एका नोटिशीला चार मिनिटे म्हटली तरी सोळाशे मिनिटे झाली. म्हणजे सव्वीस तास चाळीस मिनिटे. आठ तासांचा दिवस धरला तर तीन दिवस पूर्ण आणि चौथ्या दिवसाची निम्मी सकाळ. त्यात गटसचिवाकडे एकाहून जास्त सोसायट्या असल्या तर बघायलाच नको. आणि हे नुसते वेळेचे झाले. एका नोटिशीत पाच गोष्टी भरायच्या तर चारशे नोटिशीत दोन हजार वेळा उचलायचे आणि दोन हजार वेळा ठेवायचे. माणूसच तो, केव्हा ना केव्हा हात चुकणारच.

चुकला तर काय बिघडले, असे शहरातला माणूस म्हणेल. खेड्यात बरेच बिघडते. गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे दोन-तीन सभासद असतात. ज्याने कर्ज पै-पै फेडले त्याच्या घरी थकबाकीची नोटीस जाते आणि ज्याच्याकडे खरी बाकी आहे तो निवांत राहतो. शिपाई नोटीस घेऊन दारात उभा राहिला की आळीला कळते. चार दिवसांनी सोसायटी दिलगिरी सांगते, पण दिलगिरी घेऊन शिपाई काही घरोघर फिरत नाही! पुढे हेच प्रकरण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली वसुली दाखल्यापर्यंत गेले, तर आकड्यातली चूक संस्थेच्याही अंगाशी येते. तेव्हा हा प्रश्न नुसता कारकुनाच्या कंबरदुखीचा नाही, सभासदाच्या अब्रूचाही आहे.

आता गंमत अशी की ही हमाली यंत्राकडे सोपवण्याची सोय त्याच संगणकात, त्याच एक्सेल-वर्डमध्ये पडून आहे. त्यासाठी वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तशातली गत. पण सोय आहे म्हणून डोळे झाकून घेऊ नये, असेही आमचे म्हणणे आहे. मॅक्रो जरूर आणा, पण तो संस्थेचा असू द्या, कुणा एका पोराचा नव्हे. आणि ताळा घेतल्याशिवाय त्याने काढलेला एकही कागद बाहेर जाऊ देऊ नका.

एक्सेलच्या हाती वर्डचा कासरा

मॅक्रो म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कामाची यादी. हे कर, मग ते कर, यादी संपेपर्यंत करत राहा. ही यादी ज्या भाषेत लिहितात तिला व्हीबीए म्हणतात. एक्सेलमध्ये ती १९९३ साली पाचव्या आवृत्तीबरोबर आली आणि ऑफिस ९७ पासून वर्डमध्येही आली. म्हणजे ही काही कालची नवलाई नव्हे, तीस वर्षांहून जुनी गोष्ट आहे. एक्सेल उघडून 'ऑल्ट' आणि 'एफ-११' ही बटणे दाबली की ती लिहायची खिडकी समोर येते. कित्येक कार्यालयांत ती आजवर कुणी उघडूनही पाहिलेली नसेल.

खरी ताकद पुढे आहे. एक्सेलमधला मॅक्रो नुसता एक्सेललाच हुकूम देतो असे नाही, तो वर्डलाही देऊ शकतो. वर्ड बनवणाऱ्यांनीच तशी सोय ठेवली आहे. बाहेरचा प्रोग्रॅम हाक मारील तर वर्ड उठतो, सांगितलेली फाइल उघडतो, सांगितलेल्या जागी सांगितलेला मजकूर टाकतो, छापतो आणि गप्प बसतो. बैल तोच, पण आता एक्सेलच्या हाती त्याचा कासरा आला. हाच कासरा आउटलुकला लावला तर ई-मेल तयार होतात, अ‍ॅक्सेसला लावला तर तिथल्या नोंदी वाचता येतात.

नोटिशीचे काम असे चालते. वर्डमध्ये नोटिशीचा एक साचा करून ठेवायचा. जिथे नाव यायचे, जिथे मुद्दल यायचे, तिथे तिथे 'बुकमार्क' म्हणून खूण ठेवायची. एक्सेलमध्ये यादी असते. मॅक्रो पहिल्या ओळीवर जातो, साच्याची नवी प्रत उघडतो, खुणेखुणेवर त्या ओळीतला आकडा ठेवतो, सभासद क्रमांकाच्या नावाने फाइल जतन करतो आणि दुसऱ्या ओळीवर जातो. जुन्या संगणकालाही चारशे ओळींना फार वेळ लागत नाही. तेवढ्यात कारकुनाने चहा घ्यावा.

मात्र इथे एक बारकावा आहे. एक्सेलमध्ये आणि वर्डमध्ये 'रेकॉर्ड मॅक्रो' अशी सोय असते. आपण हाताने जे करतो ते तो टिपून ठेवतो. शिकायला ती फार चांगली. पण एक्सेलचा टिपणारा फक्त एक्सेलमधलेच टिपतो, वर्डमध्ये गेलात की तो आंधळा. म्हणून दोघांना जोडणाऱ्या ओळी हातानेच लिहाव्या लागतात. त्या काही शंभर-दोनशे नसतात, वीस-पंचवीस ओळींत काम भागते. ज्याला तेरीज समजते, त्याला त्या समजायला अवघड नाहीत.

दुसरा बारकावा बैल सोडण्याचा. मॅक्रो वर्डला बहुधा पडद्याआड उघडतो. काम संपल्यावर त्याला 'क्विट' म्हणजे 'जा आता' असे सांगावे लागते. सांगायचे राहिले की तो तसाच आत बसून राहतो. दिवसभरात दहा वेळा मॅक्रो चालवला आणि दहा वर्ड आत अडकले की संगणक रांगायला लागतो. मग 'मशीन जुने झाले, नवे घ्या' असा ठराव येतो. मशीन जुने झालेले नसते, औताचे बैल सोडायचे राहिलेले असतात.

आधी सोपा रस्ता बघा

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक कामाला मॅक्रो लागतोच असे नाही. वर्षभरात एकदा सर्वसाधारण सभेची सूचना काढायची आहे, मजकूर सगळ्यांना सारखा आणि बदलते ते फक्त नाव आणि पत्ता, तर वर्डमधले 'मेल मर्ज' पुरे. त्याला एक ओळही लिहावी लागत नाही. एक्सेलची यादी दाखवायची, रकान्यांची नावे साच्यात ठेवायची, पत्रे तयार. एमएस-सीआयटी केलेल्या कुणालाही हे दोन तासांत जमते.

मॅक्रो लागतो तो काम गुंतागुंतीचे असले की. एका सभासदाची तीन कर्जे असतील आणि तिन्ही एकाच नोटिशीत कोष्टकात यायला हवीत, जामीनदारांना वेगळी प्रत जायला हवी, प्रत्येक नोटिशीची वेगळी फाइल राहायला हवी आणि जावक रजिस्टरचा तक्ताही त्याच वेळी तयार व्हायला हवा, तर मेल मर्ज अपुरे पडते. तिथे मॅक्रो खरा कामाला येतो. ऊस तोडायला कोयता आणि गवत कापायला विळा. कुठे काय वापरायचे ते आपल्याला काय सांगायला हवे?

मराठीचे दुखणे

आता आपल्या घरचे दुखणे. इंग्रजीत काम करणाऱ्याला जे आपसूक मिळते ते मराठीत झगडून मिळवावे लागते.

आपल्या संस्थांतल्या जुन्या याद्या कृतीदेव, श्री-लिपी, आयएसएम असल्या फाँटांत केलेल्या आहेत. स्क्रीनवर मराठी दिसते, पण आत संगणकाने साठवलेली असतात ती दुसरीच चिन्हे. वर मराठीचा मुखवटा, इतकेच. फाँट काढला की खाली निरर्थक अक्षरांची खिचडी. अशा यादीची अकारविल्हे नीट लागत नाही, नाव शोधले तर सापडत नाही, आणि मॅक्रोने ते नाव उचलून दुसऱ्या फाँटाच्या नोटिशीत टाकले की सभासदाच्या जागी ती खिचडीच छापून येते. यावर औषध एकच, युनिकोड. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. म्हणजे तीन दशके उलटून गेली, आणि आपण अजून फाँटांच्या भांडणातच आहोत. यादी एकदाची युनिकोडमध्ये आणून घ्या, हाताने तपासा, मगच मॅक्रोचे नाव काढा. बी किडके असेल तर पेरणी यंत्राने करून काय उगवणार?

दुसरे दुखणे असे की, ज्या खिडकीत मॅक्रो लिहितात त्या खिडकीला देवनागरी झेपत नाही. तिथे 'थकबाकी' असे टाइप केले की प्रश्नचिन्हांची माळ उमटते. नवखा माणूस इथेच हात टेकतो आणि म्हणतो, मराठीत हे होत नाही. होते, अगदी व्यवस्थित होते! युक्ती साधी आहे. मराठी शब्द मॅक्रोत लिहायचेच नाहीत. ते एक्सेलच्या एका वेगळ्या पानावर किंवा वर्डच्या साच्यात ठेवायचे आणि मॅक्रोला सांगायचे, अमुक घरातले उचल आणि तमुक जागी ठेव. उचलताना-ठेवताना युनिकोड मराठी शाबूत राहते. शिवाय मजकूर बदलायचा झाला तर मॅक्रोला हात लावावा लागत नाही. सचिव स्वतः साचा बदलू शकतो. म्हणजे अडचणीतून उलट सोयच झाली.

आणि तिसरी गोष्ट, सभासद नावाने ओळखू नका, क्रमांकाने ओळखा. एका यादीत 'ज्ञानदेव', दुसरीत 'ज्ञानेश्वर', तिसरीत नावाच्या मागे एक जास्तीची मोकळी जागा. माणसाला तिन्ही एकच वाटतात, यंत्राला तिन्ही वेगळी. कर्जमाफीच्या याद्यांच्या वेळी नावे, खाती आणि आधार यांचा मेळ बसवताना काय हाल होतात ते आपल्या शेतकऱ्याने बघितले आहे. सभासद क्रमांक हीच खरी ओळख.

मुकी चूक सगळ्यात वाईट

हाताने काम करताना कारकून चुकतो तेव्हा एक नोटीस चुकते. मॅक्रो चुकला की चारशे चुकतात, आणि सगळ्या सुबक छापलेल्या असतात. सुबक कागदावर लोकांचा लवकर विश्वास बसतो, हीच पंचाईत.

व्हीबीएत एक ओळ आहे. तिचा मराठीत अर्थ 'चूक झाली तरी थांबू नको, पुढे चल'. नवशिक्यांना ही ओळ फार आवडते, कारण तिच्यामुळे संगणक सारखा अडत नाही. पण ती काय करते ते ऐका. समजा मॅक्रो ओळीने सभासद क्रमांक घेतो आणि खतावणीच्या पानावर त्याची बाकी शोधतो. एका सभासदाचा क्रमांक खतावणीत सापडला नाही. एरवी मॅक्रो तिथे थांबला असता आणि ओरडला असता. पण 'पुढे चल' सांगितलेले आहे, म्हणून तो थांबत नाही. त्याच्या हातात आधीच्या सभासदाचा आकडा तसाच राहिलेला असतो, तोच आकडा तो या सभासदाच्या नोटिशीवर छापतो. एकाची बाकी दुसऱ्याच्या माथी! आणि कुणाला पत्ता नाही. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, ते हेच. संस्थेत मॅक्रो करून घ्याल तेव्हा पहिली अट ही घाला: चूक दिसली की मॅक्रो थांबला पाहिजे आणि कोणत्या ओळीवर थांबला ते त्याने सांगितले पाहिजे.

आणखी दोन फसव्या जागा आहेत. एक तारखेची. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेच्या रिवाजाने ६ मे. व्हीबीएचे माहेर तिकडचे असल्याने काही ठिकाणी ती तिकडच्या रिवाजाने तारीख वाचते. महिन्याचा फरक पडला की व्याजाचा आकडा बदलला. म्हणून तारीख लिहिताना महिना अक्षरात येईल असे बघावे. दुसरी जागा रकान्याच्या रुंदीची. एक्सेलमध्ये रकाना अरुंद असला की आकड्याऐवजी चौकटीच्या खुणांची ओळ दिसते, हे सगळ्यांनी पाहिलेले आहे. मॅक्रोला 'जे दिसते ते उचल' असे सांगितले तर तो त्या खुणाच उचलतो आणि नोटिशीवर छापतो. 'घरात जे आहे ते उचल' असे सांगावे लागते.

हे सगळे खेड्यातल्याच कारकुनाच्या बाबतीत होते असे समजू नका. २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करोनाच्या ऐन काळात इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्यात काय झाले? प्रयोगशाळांकडून आलेल्या याद्या आपोआप एक्सेलच्या तक्त्यांत ओढल्या जात होत्या. तक्ते जुन्या पद्धतीच्या फाइलचे होते आणि त्या फाइलला ६५,५३६ ओळींची मर्यादा असते. मर्यादा संपली, पुढच्या नोंदी गळाल्या आणि कुणाच्या लक्षात आले नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या आठ दिवसांतले १५,८४१ बाधित रोजच्या आकड्यांतून सुटले आणि त्यांच्या सहवासात आलेल्या लोकांचा शोध लांबला. एवढ्या मोठ्या देशाचे मोठे खाते, पण 'जितक्या नोंदी आत आल्या तितक्याच बाहेर पडल्या का' एवढा साधा ताळा वेळेवर घेतला गेला नाही. आपल्या जुन्या मुनिमांनी असली चूक पहिल्याच दिवशी पकडली असती, कारण तेरीज जुळल्याशिवाय ते घरी जात नसत.

परक्याच्या फाइलला दार उघडू नका

मॅक्रोची दुसरी बाजूही आहे. ज्या कासऱ्याने एक्सेल वर्डला चालवते, त्याच कासऱ्याने दुष्ट माणूस आपला संगणक चालवू शकतो. १९९९ च्या मार्चमध्ये 'मेलिसा' नावाचा विषाणू जगभर पसरला. तो दुसरा-तिसरा काही नव्हता, वर्डच्या फाइलमधला मॅक्रोच होता. फाइल उघडली की तो आउटलुकला हाक मारायचा आणि पत्त्यांच्या वहीतल्या पहिल्या पन्नास जणांना तीच फाइल पाठवून द्यायचा. त्या पन्नासांकडून पुढच्या पन्नासांना. मोठमोठ्या कंपन्यांना आपली ई-मेल बंद ठेवावी लागली होती. एका प्रोग्रॅमने दुसऱ्याला राबवण्याचीच ती करामत, फक्त वाईट हेतूने.

अशा प्रकारांना कंटाळून मायक्रोसॉफ्टने २०२२ सालापासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. तेव्हा ई-मेलने, व्हॉट्सअ‍ॅपने आलेल्या फाइलवर 'मॅक्रो अडवले आहेत' अशी पट्टी दिसली, तर ती कटकट समजून काढून टाकू नका. ती राखणदाराची काठी आहे. आपल्याच संस्थेत, आपल्याच माणसाने केलेली फाइल असेल तरच मॅक्रोला परवानगी द्यायची. 'अनुदानाची यादी', 'पीकविम्याचा तक्ता' असल्या नावांनी अनोळखी ठिकाणाहून आलेली फाइल मॅक्रो मागू लागली की ती तशीच बंद करायची आणि पाठवणाऱ्याला आधी फोन करायचा.

पोरगं पुण्याला, मॅक्रो गाभण

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. खेड्यातल्या संस्थेत असले काम बहुधा कोण करतो? संस्थेत तात्पुरता लागलेला एखादा हुशार पोरगा. त्याने हौसेने मॅक्रो केला, सगळ्यांनी पाठ थोपटली. दोन वर्षे नोटिसा झटक्यात निघाल्या. मग पोरगा पुण्याला नोकरीला गेला. तिसऱ्या वर्षी व्याजाचा दर बदलला, किंवा नवा संगणक आला आणि त्यात ऑफिसची आवृत्ती वेगळी निघाली. मॅक्रो अडला. उघडायला गेले तर त्याला पासवर्ड. पोरगा फोन उचलत नाही, उचलला तर म्हणतो, 'दिवाळीला आलो की बघतो.' नोटिसा मार्चच्या, दिवाळी नोव्हेंबरची! हाताने नोटीस काढायची सवय तोवर कारकुनाची मोडलेली. गाभण म्हैस बाजारातून आणावी आणि तिला दूध काढू द्यायची सवयच नसावी, तशी गत.

दोष पोराचा नाही. त्याने चांगलेच केले. दोष संस्थेचा, कारण तिने ते काम आपले मानलेच नाही. संस्थेची विहीर खणली तर तिचा नकाशा दप्तरी ठेवतो, मोटार बसवली तर तिचे कागद फायलीत लावतो. मग मॅक्रो का नाही? तो संस्थेची मालमत्ता आहे. त्याची छापील प्रत दप्तरात हवी. कोणती ओळ काय करते, ते साध्या मराठीत वहीत लिहून ठेवलेले हवे. पासवर्ड बंद पाकिटात तिजोरीत हवा. आणि संस्थेतल्या निदान दोन माणसांना तो चालवता आणि थांबवता यायला हवा.

आवृत्तीच्या भानगडीवर एक उपाय करणाऱ्याला आधीच सांगून ठेवावा. मॅक्रोत वर्डची ठरावीक आवृत्ती पक्की बांधू नये, चालताना जो वर्ड असेल त्याला हाक मारावी. असे केले की संगणक बदलला तरी सहसा अडत नाही. आजकाल कृत्रिम बुद्धिमत्तेचे सहायकही मागाल तसा मॅक्रो लिहून देतात. जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण त्याने लिहिलेल्या मॅक्रोचा ताळाही आपणच घ्यायचा. नोटिशीखाली सही त्याची नसते, सचिवाची असते.

मग कारकुनाचे काय, आणि सरकारी सॉफ्टवेअरचे काय?

दोन शंका हमखास निघतील. पहिली, यंत्राने नोटिसा काढल्या तर कारकुनाने काय करायचे? उत्तर सोपे आहे. त्याने ते करायचे जे यंत्राला येत नाही. थकबाकीदाराच्या घरी जाऊन विचारायचे, बाबा, अडचण काय आहे. विहीर आटली का, मुलीचे लग्न निघाले का, कांदा मातीमोल गेला का. व्याजसवलतीची योजना असेल तर ती समजावून सांगायची. वसुली कागदाने होत नाही, बोलण्याने होते, हे कुठलाही जुना सचिव सांगेल. नकलेत गेलेले तीन दिवस तिकडे लागले तर संस्थेचे आणि सभासदाचे दोघांचेही भले आहे. नोकरी काढून घ्यायला मॅक्रोचे निमित्त कुणी करत असेल, तर सभासदांनी त्याला सभेत जाब विचारावा.

दुसरी शंका, सरकार सोसायट्यांचे संगणकीकरण करतेच आहे, मग हा खटाटोप कशाला? बरोबर आहे. २०२२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी दिली. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ती योजना विकास सोसायट्यांसाठी आहे. पाणीवापर संस्था, मजूर संस्था, गावातली छोटी पतसंस्था, यात्रा समिती, शाळेची शिक्षण संस्था यांचे काय? त्यांचा कारभार अजून एक्सेलच्या चार पानांवरच चालतो. आणि मोठे सॉफ्टवेअर आले तरी त्यातून निघालेला तक्ता एक्सेलमध्येच येतो, आणि आपल्या गावाच्या गरजेचे पत्र शेवटी वर्डमध्येच बनते. दोन्हींच्या मधली ती फूटभर जागा कुणी भरत नाही. ती आपली आपल्याला भरायची आहे.

संचालक मंडळाने काय करावे

पहिले, मॅक्रो करून घेण्याचा ठराव करा. कोण करणार, किती पैशात करणार, चूक निघाली तर कोण दुरुस्त करणार, हे ठरावात लिहा.

दुसरे, आधी यादी स्वच्छ करा. युनिकोड, सभासद क्रमांक, एका रकान्यात एकच गोष्ट. यात महिना गेला तरी चालेल, तो वाया जात नाही.

तिसरे, मूळ फाइलवर मॅक्रो चालवू नका. तिची नक्कल करा, नकलेवर दहा सभासद घेऊन बघा. त्यात एक सारख्या नावाचा, एक दोन कर्जांचा, एक शून्य बाकीचा मुद्दाम घ्या. शून्य बाकीवाल्याची नोटीस निघाली तर मॅक्रो कच्चा.

चौथे, ताळा घ्या. यादीत जितक्या ओळी तितक्याच नोटिसा. नोटिशींवरच्या रकमांची बेरीज आणि खतावणीची बेरीज एकच. हे दोन आकडे जुळल्याची नोंद जावक रजिस्टरात सहीनिशी करा. लेखापरीक्षकही खूश होईल.

पाचवे, मॅक्रोने ई-मेल करायची असेल तर त्याने ती फक्त तयार करून समोर उघडी ठेवावी. 'पाठवा' हे बटण माणसानेच दाबावे.

सहावे, वर्षातून एकदा दहा नोटिसा हाताने काढा. हाताची सवय राहते, आणि मॅक्रोच्या नोटिशींशी ताडूनही बघता येतात.

यातले एकही काम खर्चाचे नाही. लागते ती थोडी चिकाटी आणि संचालकांनी आठवड्यातला एक तास संगणकाजवळ बसण्याची तयारी. आजवर संगणकाचे टेबल म्हणजे पोरासोरांचा प्रांत, असे मानून आपण लांब उभे राहिलो. पण सभासदाचे नाव आणि त्याच्या डोक्यावरचा आकडा त्या टेबलावरून निघतो, तेव्हा तिथे काय चालते ते संचालकाला कळलेच पाहिजे. मार्च उजाडायची वाट न बघता पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. आणि संचालक घेत नसतील तर सभासदांनी उठून विचारावे: आमच्या नोटिशीवरचा आकडा कोण टाकतो, आणि तो कोण तपासतो?